रांग वाढवून वाट मोकळी होत नाही

राउटरवर ‘बफरला जागा नाही’ असा संदेश उमटला की साठवणुकीची मर्यादा वाढवायची, हा रिवाज जगभर रूढ आहे. काही प्रसंगी तो योग्य ठरतो; अनेकदा मात्र त्यामुळे मूळ दुखणे झाकले जाते आणि नवे दुखणे जन्माला येते. इंटरनेटची गुणवत्ता केवळ वेगात मोजणाऱ्या धोरणाचे मूळही याच विचारपद्धतीत आहे.

संगणकांच्या जाळ्याची देखभाल करणाऱ्या मंडळींना एक संदेश चांगलाच परिचयाचा आहे. ‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’, म्हणजे बफरसाठी जागा उपलब्ध नाही. युनिक्स कुळातील राउटरच्या नोंदवहीत तो केव्हा ना केव्हा उमटतोच. फ्रीबीएसडी या प्रणालीवर या त्रुटीचा क्रमांक ५५, तर लिनक्सवर १०५. संदेशाचे शब्द इतके साधे आणि वरकरणी इतके निःसंदिग्ध, की वाचणाऱ्याला वेगळ्या निदानाची गरजच वाटत नाही. जागा नाही ना, मग जागा वाढवा! एक आकडा बदलायचा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि सुटकेचा निःश्वास टाकायचा. काही दिवस सारे सुरळीत चालते. मग एखाद्या संध्याकाळी तोच संदेश पुन्हा हजर होतो. किंवा संदेश येत नाही, पण सगळे जाळे कूर्मगतीने चालू लागते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारी डबी हा वस्तुतः एक छोटा संगणकच असतो आणि त्यात बहुधा लिनक्सचाच एखादा अवतार चालत असतो. लहान कार्यालये आणि महाविद्यालये फ्रीबीएसडीवर आधारलेली पीएफसेन्ससारखी प्रणाली वापरतात. गल्लीबोळांत इंटरनेट पोहोचवणाऱ्या छोट्या सेवादारांत लिनक्सवर बेतलेले मायक्रोटिकचे राउटर लोकप्रिय आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा, कचेरी आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी याच डब्यांतून घरात शिरल्या. तेव्हापासून बफर कसा भरतो आणि भरल्यावर काय होते, हा प्रश्न नागरी सुविधेचा प्रश्न बनला आहे. नळाला पाणी किती दाबाने येते याची चौकशी करणाऱ्या नागरिकाने ही चौकशीही करायला हवी.

बफर म्हणजे काय?

जाळ्यातून जाणारी माहिती लहान लहान पाकिटांत विभागलेली असते. राउटरवर एका बाजूने पाकिटे येतात, दुसऱ्या बाजूने जातात. येण्याचा आणि जाण्याचा वेग सदैव सारखा नसतो. म्हणून मधल्या क्षणापुरती ती स्मृतीत ठेवावी लागतात. ही तात्पुरती ठेवण्याची जागा म्हणजे बफर. बर्कली विद्यापीठातून १९८३ साली बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत या जागेची मांडणी ‘एमबफ’ नावाच्या छोट्या खणांच्या रूपाने केलेली होती. तेव्हा स्मृती महाग होती. एक खण अवघ्या १२८ बाइटचा, आणि त्यात प्रत्यक्ष माहितीला जागा ११२ बाइटची. त्याच मांडणीचा वारसा आजच्या फ्रीबीएसडीत टिकून आहे. खण आता साधारणपणे २५६ बाइटचा असतो आणि मोठ्या पाकिटांसाठी त्याला २,०४८ बाइटचा जोडखण, म्हणजे ‘क्लस्टर’, जोडला जातो. अशा जोडखणांची कमाल संख्या ठरलेली असते. ती मर्यादा नसती तर बाहेरून येणाऱ्या पाकिटांच्या लोंढ्याने यंत्राची सारी स्मृती गिळली असती आणि राउटर कोलमडला असता. अर्थात, ही मर्यादा अडचण म्हणून घातलेली नाही, संरक्षण म्हणून घातलेली आहे. ती ओलांडली गेल्याची तक्रार वाचताना हे विसरून चालत नाही.

एक संदेश, अनेक व्याधी

खरी गफलत पुढेच आहे. ‘जागा नाही’ हा संदेश एकाच कारणाने येत नाही. ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण, तसाच हा संदेश अनेक बिघाडांचे लक्षण आहे.

पहिले कारण शब्दशः तेच: खण संपले. याचे प्रसिद्ध उदाहरण बहुरांगी नेटवर्क कार्डांचे. आधुनिक कार्ड प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यासाठी स्वतंत्र रांग उघडते आणि प्रत्येक रांगेसाठी जोडखण आधीच राखून ठेवते. समजा एका यंत्रात चार जोडण्या आहेत, प्रत्येक जोडणीला आठ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेला १,०२४ जोडखण हवे आहेत. गुणाकार होतो ३२,७६८. फ्रीबीएसडीच्या जुन्या आवृत्त्यांत मोठ्या यंत्रांवरही ही कमाल मर्यादा २५,६०० च्या घरात असे. म्हणजे एकही पाकीट येण्यापूर्वीच गोदाम भरलेले! येथे मर्यादा वाढवणे हेच योग्य उत्तर. पण तेही हिशेबाने. एक जोडखण दोन किलोबाइटचा धरला तर दहा लाख जोडखणांची परवानगी म्हणजे सुमारे दोन गिगाबाइट स्मृतीवर हक्क सांगण्याची परवानगी. ज्या डबीत मुळात अर्धा गिगाबाइट स्मृती आहे तिला कुठेतरी वाचलेला हा आकडा चिकटवला, तर बफरच्या तक्रारीऐवजी यंत्रच मूर्च्छित पडण्याची वेळ येते.

दुसरे कारण गळतीचे. एखाद्या चालकप्रणालीतील दोषामुळे वापरून झालेले खण परतच केले जात नाहीत. येथे वापराचा आकडा वाहतुकीबरोबर वर-खाली होत नाही. रात्री तीन वाजता सारे जाळे निद्रिस्त असतानाही तो वरच राहतो आणि दिवसेंदिवस चढत जातो. मर्यादा दुप्पट केल्याने अशा राउटरचे मरण दुप्पट लांबते, टळत नाही. दर रविवारी यंत्र बंद-चालू करण्याची ‘प्रथा’ ज्या कार्यालयांत पडते, तिच्या मुळाशी कधी कधी असली गळती असते. गळक्या पिंपाला मोठे पिंप हा उपाय नव्हे, हे पाणीटंचाई सोसलेल्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे कारण सर्वांत फसवे. खण मुबलक असतात. पण विशिष्ट जोडणीच्या तोंडाशी असलेली बाहेर जाण्याची रांग भरलेली असते. फ्रीबीएसडीच्या अधिकृत पुस्तिकेत या त्रुटीचा अर्थ देताना स्पष्ट म्हटले आहे की, जोडणीने पाठवणेच थांबवले असण्याची शक्यता मोठी, किंवा क्षणिक गर्दी झाली असावी. तार सैल झाली, बिनतारी कार्ड अडकले, सेवादाराकडची बाजू निद्रिस्त झाली, की पाकिटे जागच्या जागी साचतात आणि संदेश मात्र ‘जागा नाही’ असाच येतो. पीएफसेन्सच्या नोंदवहीत सेवादाराची जोडणी तपासणारी ‘डीपिंगर’ नावाची छोटी आज्ञावली ‘त्रुटी ५५’ अशी ओरड करते, तेव्हा दोष स्मृतीत नसून तारेत असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. ती न तपासता स्मृतीचे आकडे फिरवत बसणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

चौथे कारण तर आपणच निर्माण केलेले असते. वेगावर नियंत्रण ठेवण्यासाठी राउटरवर नियम घातलेले असतात. ठरलेल्या मर्यादेबाहेरचे पाकीट नाकारताना फ्रीबीएसडीतील ‘डमीनेट’ ही वाहतूक-नियंत्रक व्यवस्था त्याच राउटरवरच्या प्रेषक आज्ञावलीला हीच त्रुटी कळवते. म्हणजे नियम नेमाने काम करीत आहे, याचा तो पुरावा. लिनक्सवर आणखी एक तऱ्हा आढळते. शेजारच्या यंत्रांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या तक्त्याची कमाल मर्यादा मुळात १,०२४ नोंदींची असते. वसतिगृहात किंवा मोठ्या गृहसंकुलात हजारांहून अधिक उपकरणे एकाच सपाट जाळ्यावर आली की तो तक्ता ओसंडतो आणि संदेश येतो तो पुन्हा बफरचाच. वास्तविक तेथे प्रश्न पत्त्यांच्या वहीचा असतो. वही मोठी करता येते. त्याहून उत्तम म्हणजे सपाट जाळ्याचे विभाग पाडता येतात.

त्यामुळे तपासाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम संदेश कोणत्या यंत्रावर, कोणत्या वेळी आणि कोणत्या आज्ञावलीला आला हे पाहावे. मग ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने खणांचा ताळेबंद वाचावा: किती वापरात, कमाल किती, आणि किती मागण्या नाकारल्या गेल्या. नाकारलेल्या मागण्यांचा आकडा शून्य असेल, तर खणांवरील आरोप बहुतांशी तेथेच खारीज होतो. मग जोडणीनिहाय त्रुटी आणि गळालेली पाकिटे पाहावीत, तार बदलून पाहावी, वाहतुकीचे नियम तपासावेत, शेजारतक्त्याची लांबी मोजावी. आकडे एकदाच वाचून भागत नाही. काही तासांच्या अंतराने वाचावे लागतात, कारण गळती आणि गर्दी यांतला फरक केवळ काळच दाखवतो. हे सारे झाल्यावर, आणि तसा पुरावा मिळाल्यावरच, मर्यादेच्या आकड्याला हात लावावा. वैद्यकात जे निदानाचे मोल, तेच येथे आहे. दुर्दैवाने घाईच्या युगात निदानापेक्षा उतारा स्वस्त वाटतो.

अमर्याद साठ्याचा भ्रम

मोठ्या बफरने प्रश्न सुटतो हा समज नवा नाही, आणि त्याचे खंडनही नवे नाही. जॉन नेगल या अभियंत्याने डिसेंबर १९८५ मध्येच एक टिपण प्रसिद्ध केले होते. एखाद्या राउटरला अमर्याद साठवण दिली तर काय होईल, असा प्रश्न त्याने मांडला. उत्तर चमत्कारिक निघाले. पाकिटांना आयुर्मर्यादा असते. अमर्याद रांगेत उभी राहिलेली प्रत्येक पाकिटे बाहेर पडेपर्यंत कालबाह्य झालेली असतील, आणि जाळे पूर्ण वेगाने केवळ मृत पाकिटे वाहत राहील. साठा अमर्याद असूनही उपयुक्त काम शून्य! नेगलने यावर सुचवलेला उपायही लक्षात ठेवण्याजोगा आहे: प्रत्येक प्रेषकाची रांग वेगळी ठेवा आणि पाळीपाळीने सर्वांना वाट द्या, म्हणजे जो बेबंद वागेल त्याची झळ त्यालाच बसेल.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, या तात्त्विक इशाऱ्याला वास्तवाची जोड मिळाली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर अवघे चारशे यार्डांचे. पण त्यांच्यामधील माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार तीच, यंत्रे तीच. पाकिटे हरवत होती, प्रेषक ती पुन्हा पाठवत होते आणि त्या पुनःप्रेषणानेच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यातून जो मार्ग काढला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि आजच्या इंटरनेटचा तो पाया ठरला. त्याचे सार असे: पाकीट हरवले की प्रेषकाने ते गर्दीचे चिन्ह समजावे आणि आपला वेग आपणहून कमी करावा. इंटरनेट चालते ते कोणा पोलिसामुळे नव्हे, तर कोट्यवधी यंत्रांनी पाळलेल्या या स्वयंशिस्तीमुळे. आणि या शिस्तीचा आधार कोणता? वेळेवर हरवलेले पाकीट!

येथेच मोठ्या बफरचा अपराध दडलेला आहे. तो पाकीट हरवू देत नाही. प्रेषकाला इशारा मिळत नाही. तो वेग वाढवीतच राहतो. रांग वाढत जाते. आणि अखेर जेव्हा बफर भरून पाकीट सांडते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. टोलनाक्यापुढचे मैदान कितीही ऐसपैस केले तरी खिडकीचा वेग वाढत नाही. वाढते ती केवळ मैदानात ताटकळणाऱ्या वाहनांची संख्या, आणि त्या गर्दीत रुग्णवाहिकाही अडकते.

स्मृती स्वस्त होत गेली तशी ही चूक नकळत घराघरांत पोहोचली. जिम गेटिस हे एक्स विंडो प्रणालीच्या जनकांपैकी एक, इंटरनेटचे जाणकार. त्यांच्या घरी इंटरनेट मंदावल्याच्या तक्रारी होत, तपास करायला जावे तर तक्रार नाहीशी होई. २०१० साली घरून मोठ्या फायली पाठवीत असताना त्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा पाकिटांना लागणारा विलंब एक सेकंदाच्या वर गेलेला दिसला. तार धडधाकट होती, वेगही करारानुसार होता. दोष होता तो वाटेवरच्या उपकरणांतील अवाढव्य बफरांचा. या व्याधीला गेटिस यांनी ‘बफरब्लोट’, म्हणजे बफरची सूज, असे नाव दिले. तेच नाव पुढे रूढ झाले.

आकडेमोड करून पाहिली तर सूज लगेच ध्यानात येते. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने माहिती वर पाठवणाऱ्या जोडणीवर २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर तो रिकामा व्हायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. लिनक्समध्ये जोडणीच्या रांगेची लांबी परंपरेने हजार पाकिटांची. पूर्ण आकाराच्या, म्हणजे १,५०० बाइटच्या, हजार पाकिटांची रांग सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या तारेवर १२ मिलिसेकंदांत संपते. पण तीच रांग दहा मेगाबिटच्या तारेवर १.२ सेकंद घेते. आकडा एकच, परिणामात शंभरपट अंतर. दूरध्वनीवरील संभाषणात सेकंदभराचा खंड म्हणजे दोघांनी एकदम बोलणे आणि दोघांनी एकदम थांबणे. घरातील एकाचा मोबाइल सुटीतली छायाचित्रे मेघसाठ्यात चढवू लागला, की दुसऱ्याच्या मुलाखतीचा आवाज का तुटतो, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

संख्या नव्हे, काळ मोजा

उपाय शोधायला फार काळ लागला नाही. तो पोहोचायला मात्र लागला. रांग भरण्यापूर्वीच काही पाकिटे गाळून प्रेषकांना सावध करावे, ही कल्पना सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ सालीच मांडली होती. परंतु ती पद्धत नीट बसवायला प्रत्येक ठिकाणी आकडे जुळवावे लागत आणि ते जुळवणे जिकिरीचे असल्याने बहुसंख्य ठिकाणी ती वापरलीच गेली नाही. २०१२ च्या मे महिन्यात कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कॉडल’ ही नवी रीत प्रसिद्ध केली. तिची खुबी एका वाक्यात सांगता येते: रांगेत किती पाकिटे उभी आहेत हे मोजू नका, प्रत्येक पाकीट किती वेळ उभे होते ते मोजा. क्षणभराची गर्दी ही बफरचे कामच आहे. ती खपवून घ्यावी. पण शंभर मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही प्रतीक्षा पाच मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर ती गर्दी क्षणिक राहिलेली नाही, ठाण मांडून बसली आहे, असे समजावे आणि पाकिटे गाळू लागावे. वेळ हे माप असल्याने तार मंद असो वा वेगवान, सामान्य वापरात आकडे बदलावे लागत नाहीत.

एरिक ड्युमाझे यांनी याला नेगलच्या वेगळ्या रांगांच्या कल्पनेची जोड दिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत ‘एफक्यू-कॉडल’ दाखल झाले. १९८५ चा विचार २०१२ मध्ये फळाला आला. फ्रीबीएसडीत हीच सोय २०१६ च्या ११ व्या आवृत्तीपासून आली, मायक्रोटिकच्या राउटरवर सातव्या पिढीच्या प्रणालीत आली. आजही ज्याला आपल्या राउटरवर विलंब आटोक्यात आणायचा आहे, त्याला हाच मार्ग उपलब्ध आहे. मात्र त्यात एक अट आहे. रांग जेथे लागते तेथेच शिस्त लावता येते. सेवादाराच्या उपकरणात लागणारी रांग आपल्या हाती नसते. म्हणून आपल्या राउटरवर वेग करारापेक्षा थोडा कमी धरून रांग आपल्या दारी ओढून आणावी लागते. थोडा वेग सोडायचा आणि बराच विलंब वाचवायचा, असा हा सौदा आहे. जुन्या, अशक्त प्रोसेसरच्या डब्यांना हे ओझे पेलत नाही, हेही खरे.

याचा अर्थ बफर जितका लहान तितका उत्तम, असाही नाही. बफर अगदीच तोकडा केला तर तार अधूनमधून रिकामी राहते आणि मोजून घेतलेला वेग वाया जातो. मोठ्या मार्गांवर हजारो प्रवाह एकत्र वाहत असताना जुन्या नियमाने सांगितलेल्या बफरपेक्षा कितीतरी लहान बफर पुरतो, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. पण घरच्या एक-दोन प्रवाहांना तो हिशेब तसाच लागू होत नाही. प्रश्न आकाराचा कमी आणि व्यवस्थापनाचा अधिक आहे.

वेगाची जाहिरात, विलंबाचे मौन

मग हा उपाय सर्वत्र का दिसत नाही? कारण विलंब विकता येत नाही. वेग विकता येतो. फलकावर मोठ्या अक्षरांत मेगाबिट झळकतात. भरल्या तारेवर पाकिटाला किती मिलिसेकंद लागतील, हे कोणी छापत नाही. ग्राहकाची तक्रार आली की त्याला वरच्या वेगाची योजना घेण्याचा सल्ला मिळतो. तो घेऊनही बोलणे तुटायचे थांबत नाही, तेव्हा डबी बंद-चालू करून पाहण्यास सांगितले जाते. राउटरवरील संदेश वाचून मर्यादा वाढवणारा तंत्रज्ञ आणि तक्रार ऐकून वेग वाढवणारा विक्रेता यांची विचारपद्धती एकच आहे. दोघेही लक्षणाचा आकडा वाढवतात.

वस्तुतः विलंब कमी करण्याचा पुरावा आता मुबलक आहे. कॉमकास्ट या अमेरिकी सेवादाराने टाळेबंदीच्या वर्षी आपल्या मोडेममध्ये रांग-व्यवस्थापनाची ‘पाय’ नावाची पद्धत सुरू केली. योगायोगाने एकाच प्रकारच्या मोडेमचे दोन गट पडले. एकात ही सोय होती, दुसऱ्यात नव्हती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वरच्या दिशेने भार असताना सोय नसलेल्या मोडेमवर विलंब सुमारे २५० मिलिसेकंद होता, तर सोय असलेल्या मोडेमवर १५ ते ३० मिलिसेकंद. नवी तार टाकावी लागली नाही, ग्राहकाचा वेग वाढवावा लागला नाही. त्याच वर्षी ॲपलने आपल्या संगणकांत भरल्या जोडणीवरील प्रतिसाद मोजण्याचे साधन दिले. मोजमाप शक्य आहे, उपाय सिद्ध आहे. उणीव आहे ती मागणीची.

नियामकांची पावले त्या दिशेने पडू लागली आहेत, पण अडखळत. अमेरिकेत २०२४ पासून सेवादारांना आपल्या योजनांच्या माहितीपत्रकात वेगाबरोबर नेहमीचा विलंबही द्यावा लागतो. भारतात ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग २०२३ च्या जानेवारीत ५१२ किलोबिटवरून दोन मेगाबिटवर नेण्यात आला. तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली आणलेल्या आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या सेवागुणवत्तेच्या नियमावलीत विलंबासारख्या निकषांनाही स्थान आहे. हे स्वागतार्हच. परंतु विलंब कधी मोजला, हा प्रश्न येथे कळीचा आहे. पहाटे रिकाम्या रस्त्यावरून दादर ते ठाणे किती मिनिटांत गाठले, यावरून संध्याकाळी सहाच्या प्रवासाचा अंदाज बांधता येत नाही. रिकाम्या तारेवरचा विलंब बफरच्या सुजेबद्दल काहीच सांगत नाही. सूज दिसते ती तार भरलेली असताना. ग्राहकासाठी अर्थ आहे तो या दुसऱ्या आकड्याला, आणि नियमांनी आग्रह धरायला हवा तो त्याचाच.

यात आणखी एक अस्वस्थ करणारी बाजू आहे. रांगेची ही शिस्त घराघरांत पोहोचवण्याचे पुष्कळसे काम मुक्त आज्ञावलीच्या चळवळीतील मूठभर लोकांनी केले. डेव्ह टाट हे त्यांतले अग्रणी. बफरब्लोटविरुद्धचा प्रकल्प त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने चालवला, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरप्रणालीत सुधारणा आणल्या, आणि छोट्या सेवादारांना मोफत साधने मिळावीत म्हणून ते अखेरपर्यंत झटले. १ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. कोट्यवधी उपकरणांतून आज वाहणाऱ्या त्यांच्या श्रमांचे मोल बाजाराने कधी नीट केले नाही. राउटर विकणाऱ्या कंपन्या मात्र अनेकदा जुन्या आज्ञावलीवर नवे वेष्टन चढवतात आणि विक्रीनंतर सुधारणा पाठवण्याचे दायित्व फारसे मानत नाहीत. परिणामी, उपाय सापडून दशक उलटले तरी बाजारातल्या डबीत तो असेलच याची शाश्वती नाही.

ग्राहकाला आपल्यापुरती परीक्षा करता येते. जोडणी रिकामी असताना एखाद्या दूरच्या यंत्राला ‘पिंग’ करून विलंब पाहावा. मग एखादी मोठी फाइल वर चढवीत असताना तोच विलंब पुन्हा पाहावा. वीसचे तीस मिलिसेकंद झाले तर रांग शिस्तीत आहे. वीसचे आठशे झाले तर वेगाची योजना बदलून उपयोग नाही. दोष रांगेत आहे, आणि सेवादाराशी बोलताना मेगाबिटांऐवजी हाच आकडा पुढे ठेवावा.

‘बफरला जागा नाही’ हा संदेश म्हणजे यंत्राने दिलेली कबुली आहे: येणारे जास्त आहे, जाणारे कमी आहे, किंवा वाटेत कोठेतरी काही अडले आहे. त्या कबुलीनंतर चौकशी व्हायला हवी. चौकशी न करता जागा वाढवली की कबुली देणारा आवाज तेवढा बंद होतो. अडलेले अडलेलेच राहते आणि त्याची किंमत रांगेत उभा असलेला मोजतो. नेगलने हे १९८५ साली एका छोट्या टिपणात सांगून ठेवले होते. चाळीस वर्षांनंतर तोच धडा घरच्या डबीपासून नियामकाच्या कार्यालयापर्यंत पुन्हा गिरवावा लागत आहे.